ओट्यावरची बाई

दिल्ली गेटासमोर, भर दुपारी, रस्त्याच्या मधोमध एक साठीची बाई उभी होती. हातात पोस्टकार्डाएवढा फोटो. ती एकदा फोटोकडे बघायची, एकदा समोरच्या मोबाईलच्या दुकानाकडे, आणि मग मागं न बघताच चार पावलं मागं सरायची. मागून आलेल्या रिक्षावाल्यानं करकचून ब्रेक मारला.

"ओ मावशी, घरी सांगून आलाय का?"

"कमानीची डावी कड इथूनच अशी दिसते," मावशी म्हणाल्या. हे आपल्याला उद्देशून होतं की काय, ते रिक्षावाल्याला कळलं नाही. तो वळसा घालून निघून गेला. मावशींनी पर्समधून पेन्सिल काढली, फोटोच्या पाकिटावर काहीतरी लिहिलं आणि कडेला लावलेल्या स्कूटरकडे जवळजवळ धावतच निघाल्या. धावण्यासारखं काही नव्हतं. पण यशोधरा साळवे यांना सावकाश चालणं कधी जमलंच नाही.

त्यांचं अर्धं आयुष्य बसमागं धावण्यात गेलं होतं. श्रीरामपूरच्या एका कॉलेजात ग्रंथपालाची नोकरी, आणि घर नगरला, सावेडीत. सकाळची एसटी धरायची, संध्याकाळच्या एसटीनं परतायचं. निवृत्त झाल्यावरही दुसऱ्या दिवशी त्या तशाच उठल्या, पोळीभाजीचा डबा भरला आणि डबा हातात घेऊन स्वयंपाकघरात नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांचे यजमान भीमराज टेलिफोन खात्यातून आधीच निवृत्त झालेले. गॅलरीत पेपर घेऊन बसले की जेवायलाच उठणारे. ते म्हणाले, "आता बस की जरा." त्या बसल्या आणि चहा संपायच्या आत उठल्या. मसाल्याचे डबे त्यांनी अकारविल्हे लावले, तेव्हापासून भीमराजना हळद सापडेनाशी झाली. पुण्याला लेकीकडं, दिशाकडं, मुक्कामाला गेल्या. तिची पुस्तकांची कपाटं लावून झाली तशी पिशवी भरून परत आल्या.

"बाबा, आईच्या पायाला भिंगरी आहे," दिशा फोनवर म्हणाली. "तिला काहीतरी काम शोधा, नाहीतर ती तुम्हालाच नंबर टाकून कपाटात ठेवेल."

काम आपण होऊन चालत आलं. राधाकृष्ण मुळे नावाचे इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक शहरात 'नगर स्मृती मंडळ' चालवत. जुन्या बाजारपेठेतला एक फोटो स्टुडिओ बंद पडला होता, आणि मालकाच्या मुलांनी दुकान रिकामं करताना वडिलांच्या वेळचे फोटो आणि निगेटिव्ह लोखंडी ट्रंकांमध्ये भरून मंडळाला देऊन टाकले होते. लग्नांचे, मुंजींचे फोटो गिऱ्हाइकांनी केव्हाच नेलेले. उरले होते ते मालकानं हौसेनं काढलेले : गल्ल्या, वेशी, बाजार, टांगे, दुकानांच्या पाट्या, पारावरची माणसं. कुठल्याही फोटोवर गावाचं नाव नव्हतं, साल नव्हतं.

"हे सगळं कुठलं आहे, ते शोधून याद्या करायच्यात," मुळे सर म्हणाले. "पुस्तकांना नंबर टाकण्यापेक्षा थोडं अवघड आहे, साळवे मॅडम."

थोडं नव्हतं. पुस्तकावर निदान नाव तरी असतं.

मंडळाची खोली सावेडीतच एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर होती. यशोधराबाईंनी तिथं टेबल मांडलं. सुती हातमोजे घालून एकेक फोटो काढायचा, मऊ ब्रशनं धूळ झटकायची, पाठीमागं कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं क्रमांक टाकायचा आणि भिंगाखाली धरायचा. पाटीवरची अर्धवट अक्षरं, विजेच्या खांबाची घडण, कौलं की पत्रा, सावली कुठल्या बाजूला पडली आहे, असं सगळं बघायचं. मग फोटोची प्रत पर्समध्ये टाकून स्कूटरला किल्ली. माळीवाडा, कापड बाजार, भिंगार, तोफखाना. जिथं जुनं काही उरलं नव्हतं तिथंही एखादं देवळाचं शिखर, एखाद्या मशिदीचा मिनार जागेवर असायचा, आणि त्याच्या आधारानं बाकीचं जुळवता यायचं. खात्री पटली की पाकिटावर 'निश्चित' लिहायचं. पटली नाही की 'संभाव्य'. काहीच कळलं नाही की 'अज्ञात'. 'संभाव्य'चा गठ्ठा वाढत चालला की त्यांना जेवण गोड लागायचं नाही. ताटावरून उठून त्या भिंग शोधायला लागत.

"तो फोटो पळून चाललाय का?" भीमराज विचारायचे.

"जागा पळून चालल्यात," त्या म्हणायच्या. ते खरंच होतं. मागच्या आठवड्यात जिचा दगडी जिना त्यांनी फोटोशी ताडून पाहिला, ती इमारत या आठवड्यात हिरव्या कापडाआड गेलेली असायची.

पावसाळ्याच्या शेवटी मुळे सरांनी न ओळखलेल्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं. फोटो मोठे करून लावायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचं, हे कुठलं आहे? लोक आले, वाद घातले, चहा प्यायले. दुसऱ्या दिवशी दुपारी छगन गाडेकर आले. पंचाहत्तरीच्या आसपासचे, पांढरी टोपी, पायात रबरी चप्पल. पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होते, त्यामुळे शहराचा बोळ न् बोळ पायाखालचा. बरोबर सून, स्नेहल. एका फोटोपाशी ते थांबले ते हललेच नाहीत.

"स्नेहल, चष्मा पूस जरा."

तिनं चष्मा पुसून दिला. फोटोत एका घराचा दर्शनी भाग होता. वेलबुट्टी कोरलेली लाकडी चौकट, दगडी ओटा, कडेला लिंबाची फांदी. ओट्यावर एक नऊवारीतली बाई बसलेली. पदर डोक्यावरून घेतलेला आणि मान वळवलेली, त्यामुळे तोंड दिसत नव्हतं.

"हे आमचं घर हाय," छगनराव म्हणाले. "चौकट आमचीच. लिंब आमचा. आन् ही..." त्यांनी फोटोवर बोट टेकवलं नाही, नुसतं जवळ नेलं. "ही माझी आई. रतनबाई."

स्नेहलनं हळूच सांगितलं, की आई गेली तेव्हा ते सहा-सात वर्षांचे होते. पुढे रस्ता रुंद झाला, घरही गेलं. आईचा एकही फोटो घरात नाही. चेहरा आठवत नाही, एवढंच ते म्हातारपणी पुन्हा पुन्हा म्हणतात.

हॉलमधली माणसं गोळा झाली. कुणीतरी खुर्ची आणली. मुळे सरांचे डोळे पाणावले. यशोधराबाईंनी सवयीप्रमाणं पाकिटावर 'संभाव्य' लिहिलं होतं, ते त्यांनी पाहिलं.

"मॅडम, माणूस स्वतः समोर उभा राहून सांगतोय. आणखी काय हवं?"

यशोधराबाईंनी छगनरावांकडं पाहिलं. ते अजून फोटोसमोरच होते, टोपी काढून हातात धरलेली. यशोधराबाईंनी 'संभाव्य' खोडलं आणि 'निश्चित' लिहिलं. लिहिताना त्यांनाही बरं वाटलं. स्थानिक पेपरात बातमी आली : 'साठ-सत्तर वर्षांनी मायलेकरांची भेट'.

पितृपक्षात छगनरावांनी आग्रहानं जेवायला बोलावलं. साळव्यांच्या घरात श्राद्ध-पक्ष करत नाहीत. तरी भीमराज म्हणाले, "आईच्या आठवणीचं जेवण आहे, जाऊन ये." त्या गेल्या. भिंतीवर फोटो मोठा करून, चौकट करून लावला होता. झेंडूचा हार, खाली नाव : कै. रतनबाई गाडेकर. जेवणं झाली, आणि छगनराव घराविषयी बोलायला लागले. शेजारी भागवत कासाराचं बांगड्यांचं दुकान. दुकानासमोर वाकलेला विजेचा खांब, त्याला शेळी बांधायचे. आणि ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात, दगडातच कोरलेलं उखळ.

"आई तिथं मिरच्या कुटायची. मी खोकत पळायचो. तेवढं फोटोत न्हाई आलं बघा."

यशोधराबाईंनी मान वर करून फोटोकडे पाहिलं. ओट्याचा डावा कोपरा फोटोत आला होता. स्वच्छ, सपाट दगड.

"डावीकडंच होतं का, काका?"

छगनराव थांबले. "डावीकडंच. का उजवीकडं?" त्यांनी हात हवेत फिरवून पाहिला. "उजवीकडं असंल मग."

उजवा कोपराही फोटोत होता.

त्या दिवसापासून यशोधराबाईंचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. भाजीत मीठ दोनदा पडलं. त्यांनी फोटो पुन्हा भिंगाखाली धरला, आणि आधी ओल वाटली होती ती खूण नीट पाहिली. भिंतीवर, चौकटीच्या निम्म्या उंचीवर, एक आडवी काळी रेघ. ओल अशी सरळ चढत नाही. रेघ कुणीतरी रंगानं ओढली होती, आणि अशी रेघ ओढतात ती पूर कुठवर आला ते लक्षात राहावं म्हणून. छगनरावांचं जुनं घर दिल्ली गेटाच्या आतल्या गल्लीतलं, तिथं एवढं पाणी कुठून येणार?

मग त्यांनी ट्रंकांमधल्या निगेटिव्ह काढल्या. खिडकीच्या काचेला पांढरा कागद लावला आणि एकेक पट्टी धरून बघत राहिल्या. मुळे सर म्हणायचे, "निश्चित झालेल्या फोटोवर वेळ कशाला घालवताय?" त्या पुढची पट्टी उचलायच्या. शेवटी पट्टी सापडली. ओट्यावरची बाई होती, उलट्या रंगांत, पदर काळा आणि सावली पांढरी. तिच्या आधीच्या चौकोनात नदी होती. नंतरच्या चौकोनात दगडी घाट, आणि पायऱ्यांवर धुणं वाळत घातलेलं.

तो घाट त्यांनी पाहिला होता. श्रीरामपूरच्या नोकरीत कॉलेजची सहल एकदा पुणतांब्याला गेली होती.

"उद्या आपण पुणतांब्याला जायचं," त्यांनी भीमराजना सांगितलं.

"उद्या मॅच आहे."

"मग मी एकटी जाते."

भीमराज आले. श्रीरामपूरपर्यंत एसटी, पुढं जीप. गोदावरीला पाणी बऱ्यापैकी होतं. यशोधराबाई घाटाच्या पायऱ्या चढल्या-उतरल्या, फोटो डोळ्यांसमोर धरून उलट्या चालल्या, आणि भीमराज त्यांच्या मागं हात पसरून, बायको नदीत पडू नये म्हणून. घाटावरून वर येणाऱ्या बोळात एका ओट्यावर एक शेतकरी कांद्याच्या गोण्या शिवत बसला होता. भिंतीला सिमेंटचा गिलावा झाला होता. पण चौकट तीच होती, वेलबुट्टीची. गिलाव्यावरही कुणीतरी जुन्या जागी रेघ पुन्हा ओढली होती, निळ्या ऑइलपेंटनं.

माणसाचं नाव रामहरी. फोटो त्यानं उन्हात धरला.

"आरं तिच्या! ही तर आमची आत्या. दगडाआत्या." त्यानं घरात हाक मारली, बायकोला बोलावलं. "लई लहानपणी नवरा गेला तिचा, तवापासून हितंच हुती. आमाला तिनंच वाढवलं. अशीच बसायची, नदीकडं तोंड करून. कुणी हाक मारली तरी लवकर वळायची न्हाई."

"नक्की त्याच?"

"ताई, मी तिच्या मांडीवर झोपलोय. पाठीवरून वळखंन मी तिला." त्यानं फोटो परत दिला नाही, धरूनच ठेवला. "आमाला यातला एक मिळंल का? तिचा दुसरा न्हाई आमच्याकडं."

परतीच्या प्रवासात यशोधराबाई खिडकीशी बसून होत्या, पण बाहेर बघत नव्हत्या. भीमराज म्हणाले, "ओळख पटली की. मग तोंड का पाडलंस?"

"त्या छगनरावांच्या भिंतीवर हार घातलाय हो."

भीमराजनी खिडकीची काच ओढून घेतली. मग म्हणाले, "नको सांगू. म्हातारा माणूस आहे."

मुळे सरही तेच म्हणाले. यादीत दुरुस्ती करा, पुणतांब्याला प्रत पाठवा, आणि गाडेकरांना त्यांच्या समाधानात राहू द्या. कोण कुठं ताडून बघणार आहे? यशोधराबाईंनी यादीत दुरुस्ती केली. रामहरीला प्रत पाठवली. पण मन शांत होईना. स्कूटर काढून त्या छगनरावांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जायच्या आणि तशाच परत फिरायच्या. एकदा स्नेहल भाजी घेऊन येताना भेटली. म्हणाली, "मॅडम, बाबा आता रोज सकाळी फोटोपुढं बसतात. बोलतात तिच्याशी. तब्येत सुधारली त्यांची." यशोधराबाईंनी "छान" म्हटलं आणि घरी येऊन गॅस पेटवायचाच विसरून कुकर वर ठेवला.

त्यांना रामहरी आठवायचा, फोटो धरून ठेवणारा. ज्या बाईनं दुसऱ्याची पोरं वाढवली, तिचं एकमेव चित्र नगरच्या एका भिंतीवर दुसऱ्याच नावानं टांगलेलं होतं. आणि ते नाव आपण लिहिलंय, मऊ पेन्सिलीनं, मुळे सरांच्या आणि स्वतःच्या समाधानासाठी.

एका सकाळी त्या गल्लीच्या तोंडाशी थांबल्या नाहीत. आत गेल्या.

छगनराव फोटोसमोर सतरंजीवर बसले होते. यशोधराबाईंनी समोर बसून सगळं सांगितलं : रेघ, निगेटिव्हची पट्टी, घाट, दगडाबाई. मध्ये कुठं थांबल्या नाहीत, थांबल्या असत्या तर पुढं बोलवलं नसतं. स्नेहल दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिली होती.

"पुणतांबं?" छगनराव म्हणाले. "माझा काय संबंध पुणतांब्याशी?"

"काहीच नाही, काका. तेच सांगतेय."

"पेपरात आलंय. तुम्हीच लिव्हलं हुतं ना, निश्चित म्हणून?"

"हो. मी लिहिलं. घाई केली."

"आन् आता तुम्हाला ते खोडायचंय." त्यांचा आवाज चढला. "तुमच्या पाकिटावर तुम्ही काय बी खोडा. मी हिच्याशी बोललोय. पंधरा दिवस न्हाई, महिनाभर बोललोय. ते कसं खोडणार?"



"जा तुम्ही," छगनराव म्हणाले. "स्नेहल, बाईंना चप्पल दाखव."

त्या घरी आल्यावर भीमराजनी चहा करून आणला, हळद कुठं आहे ते न विचारता खिचडीही टाकली. दुसऱ्या दिवसापासून यशोधराबाई मंडळाच्या खोलीत जाऊन बसायला लागल्या त्या एकाच कामासाठी. ऐटदार टांगे, सुंदर वेशी, सगळं बाजूला ठेवलं. त्या आता वाकलेला विजेचा खांब शोधत होत्या. नगरमध्ये वाकलेल्या खांबांना तोटा नव्हता. एक सापडला, तर शेजारी पिठाची गिरणी निघाली. दुसरा सापडला तो भिंगारचा. मुळे सर काळजीनं म्हणाले, "मॅडम, छायाचित्रकार त्या गल्लीत गेलाच नसेल तर?"

"गेला नसेल तर नसेल. ते तरी कळेल."

दिवाळी झाली, थंडी पडली. हातमोज्यांतून बोटं गार व्हायची. आणि एका फोटोत, जो त्यांनी पहिल्याच महिन्यात 'मिरवणूक, अज्ञात' म्हणून बाजूला टाकला होता, ढोलवाल्याच्या खांद्यामागून एक पाटी डोकावली. 'भागवत बां' एवढंच. पुढची अक्षरं झेंड्यानं झाकलेली. पाटीशेजारी खांब, वाकलेला. आणि खांबापलीकडं, फोटो जिथं संपतो तिथं, दगडी ओट्याचा एक तुकडा. त्यात काळं, गोल उखळ.

त्या खुर्चीतून उठल्या, खोलीत फेऱ्या मारल्या, परत येऊन पाहिलं. उखळ तिथंच होतं. ओट्यावर कुणी बसलेलं नव्हतं.

स्वतः जाण्याचा धीर झाला नाही. स्नेहलला फोन केला. ती म्हणाली, "बाबा बोलत नाहीत फारसे. पण तुम्ही या."

छगनरावांनी फोटो हातात घेतला. चष्मा त्यांनी स्वतःच पुसला. मिरवणूक बघितली, ढोलवाला बघितला आणि मग कडेला नजर गेली.  यशोधराबाई सतरंजीची किनार चाळवत बसल्या होत्या.

"पावसाचं पाणी साठायचं यात," छगनराव म्हणाले. "चिमण्या यायच्या. आई त्यावर फळी टाकायची, आन् मी काढायचो." त्यांनी फोटो जवळ नेला, लांब नेला. "ती नेमकी आत गेली असंल तवा. चुलीपाशी."

"फोटो त्यानंतरचाही असेल, काका. त्या गेल्यानंतरचा. साल कळत नाही."

"आत हुती," ते म्हणाले. या वेळी यशोधराबाईंनी ते खोडून काढलं नाही.

जाता जाता त्यांची नजर भिंतीकडं गेली. हाराची फुलं सुकली होती, पण फोटो होता तिथंच होता. खालची नावाची पट्टी मात्र काढलेली. तिच्या जागी डिंकाचा डाग.

छगनरावांनी त्यांची नजर पाहिली. "तिला कुठं उतरवून ठेवू? राहू दे. एवढं ऐकून घेतलंय तिनं माझं." मग एकदम विचारलं, "या फोटोवर काय लिव्हलं तुम्ही?"

"संभाव्य."

"आता?" ते भडकलेच. "उखळ दिसतंय, खांब दिसतोय, भागवतची पाटी दिसतीय, आन् संभाव्य?"

"तुम्हाला माहिती आहे म्हणून दिसतंय. मला दुसरं कुणीतरी हवं, काका. त्या गल्लीतलं. माझ्या हातून पुन्हा तसं व्हायला नको."

छगनराव टोपी डोक्यावर चढवत उठले. "भागवतची थोरली पोरगी हाय अजून. चंद्रभागा. राजूरला दिली तिला. बाजारात बांगड्यांचं दुकान हाय त्यांचं. उद्या जायचं?"

स्नेहल म्हणाली, एवढ्या थंडीत डोंगरातला प्रवास, बाबा? पण बाबांनी मफलर शोधायला घेतला होता.

दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनं निघाले. संगमनेर, अकोले, पुढं घाटाघाटानं राजूर. बाजाराचा दिवस होता. डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवरून माणसं आली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात, हिरडा, कोंबड्या, प्लॅस्टिकच्या बादल्या. बांगड्यांच्या दुकानात मागच्या बाजूला खुर्चीवर एक ऐंशीच्या घरातली म्हातारी बसली होती, आणि एका मुलीच्या हातात तिची नात बांगड्या भरत होती. छगनरावांनी ओळख सांगितली.

"रतनमावशीचा छगन?" म्हातारीनं त्यांना खालून वर पाहिलं. "तू तर नाक पुसत फिरायचास."

यशोधराबाईंनी काही न सांगता फोटो पुढं केला. कशाकडं बोट दाखवायचं नाही, असं त्यांनी बसमध्येच छगनरावांना बजावलं होतं. चंद्रभागाबाईंनी फोटो डोळ्यांना भिडवला.

"हे आमचं दुकान. बाबांनी पाटी रंगवून घेतली त्याच सालची मिरवणूक असंल. माझं लगीन व्हायचं हुतं." त्यांचं बोट हळूहळू कडेला सरकलं. "आन् हे तुझ्या आईचं उखळ. मिरच्या कुटल्या की आमच्या दुकानातली गिऱ्हाइकं शिंकायची. बाबा वरडायचे, आन् ती हसायची."

"हसायची?" छगनराव म्हणाले.

"मग! दात पुढं हुते ना जरासे. तोंडावर पदर धरून हसायची. तुझ्यापेक्षा काळीसावळी, ठेंगणी. हितं, भुवईच्या वर, गोंदलेलं हुतं. तुळशीवानी." म्हातारीनं स्वतःच्या कपाळावर बोट टेकवून दाखवलं. "आन् हातात कधी काकणं टिकायची न्हाईत तिच्या. दर महिन्याला फोडून यायची. बाबा म्हनायचे, रतन, तू कामाला हात लावतीस का दगडाला?"

छगनराव फळीवर बसले.  त्यांनी स्वतःच्या भुवईवर बोट ठेवलं. "हितं?"

"न्हाई, डाव्या बाजूला. व्हय, तिथं."

यशोधराबाईंनी पर्समधून पेन्सिल काढली होती, पण पाकीट तसंच हातात राहिलं. दुकानाबाहेर एसटीचा कंडक्टर नगर, नगर म्हणून ओरडत होता. गेली की पुढची कधी, हे कुणालाच खात्रीनं सांगता येत नव्हतं. त्या दारापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा दारापर्यंत गेल्या.

"काका, गाडी लागलीय."

छगनरावांना ऐकूच गेलं नाही. ते खुर्चीतल्या म्हातारीकडं वाकून बसले होते.

"आन् आवाज?" ते विचारत होते. "आवाज कसा हुता तिचा?"

चंद्रभागाबाई हसून काहीतरी सांगायला लागल्या. बाजाराच्या गोंगाटात यशोधराबाईंना ते ऐकू आलं नाही. त्यांनी बाहेर येऊन कंडक्टरला हातानं जा म्हणून खूण केली आणि पुढच्या गाडीची चौकशी करायला स्टँडकडं निघाल्या.